फवारा न मारता फल्ली किती?

उमरखेड, जि. यवतमाळ

चि. भाचीबाईस,


तुझा एम.एस्सी.चा विषय ठरल्याचं ताईकडून कळलं. उन्हाळी भुईमुगाचे वेगवेगळे वाण लावायचे आणि कुठला वाण किडीपुढे किती टिकतो ते तपासायचं. ताई म्हणत होती, पोरगी जरा हिरमुसली आहे. मैत्रिणींच्या वाट्याला ड्रोन आले, नॅनो खतं आली, आणि हिच्या हाती भिंग, वही अन् फल्लीचं, म्हणजे भुईमुगाचं, वावर. मी जन्मभर कृषी सहायकाची नोकरी केली आणि निवृत्तीनंतर पैनगंगेकाठच्या वावरात फल्लीच पेरतो आहे. म्हणून हे पत्र. तुझ्या वर्गातल्या मुलामुलींनी वाचलं तरी हरकत नाही. थोडं त्यांच्यासाठीही लिहिलं आहे.

आधी हे सांगतो की हा विषय यवतमाळचाच का आहे. आपल्या जिल्ह्याची ओळख पऱ्हाटी (कापूस), सोयाबीन आणि तूर. पण इसापूर, पूस, अरुणावती या धरणांचं पाणी जिथवर पोचतं तिथे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत फल्लीची पेरणी होते. खरिपात कर्ज झालेल्या कास्तकाराला मे-जूनमध्ये चार पैसे हाती देणारं हे पीक आहे. त्यातही सगळ्यात जास्त पेरला जाणारा वाण म्हणजे टॅग-24. ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं आपलं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ या दोघांनी मिळून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो दिला; नावातला ‘ट’ ट्रॉम्बेचा आणि ‘अ’ अकोल्याचा. झाड बुटकं, शेंगा बुडाशी घोसाने, एकदम पिकणारं. तीस वर्षं उलटली तरी लोक त्याला सोडत नाहीत.

का सोडत नाहीत, हेही समजून घे. फल्लीचं बियाणं हेक्टरी शंभर ते सव्वाशे किलो लागतं आणि एका हंगामात ते जेमतेम दहा-बारा पट वाढतं. बाजरीचं मूठभर बियाणं दोन हंगामांत तालुका व्यापेल. फल्लीचा नवा वाण गावभर व्हायलाच वर्षं जातात. म्हणून इथे नवा वाण सुचवणाऱ्याने फार जबाबदारीने सुचवावं लागतं. चुकीचा वाण दिला, तर तो निघायलाही तितकीच वर्षं लागतात.

आता किडींकडे येऊ. उन्हाळी फल्लीत सुरुवातीला येतात ते फुलकिडे. शेंड्याच्या न उमललेल्या, घडी घातलेल्या पानात ते बसतात, खरवडतात, रस पितात; पान उमललं की पांढुरके चट्टे आणि वाकडेपणा दिसतो. नुसत्या चट्ट्यांनी पीक मरत नाही. खरी भीती वेगळी आहे. फुलकिड्यांची एक जात, थ्रिप्स पामी, शेंडेमरीचा विषाणू वाहून नेते. पिलाच्या अवस्थेत विषाणू पोटात जातो आणि पंख फुटल्यावर तेच फुलकिडे तो झाडाझाडावर पेरत जातात. त्यामुळे तुझ्या वहीत फुलकिड्यांची संख्या एका रकान्यात आणि शेंडा वाळलेल्या झाडांची टक्केवारी दुसऱ्या रकान्यात हवी. एखाद्या वाणावर फुलकिडे भरपूर असूनही शेंडेमर कमी असू शकते. आयसीजीएस 11 आणि आयसीजीएस 44 हे वाण शेंडेमर बऱ्यापैकी सहन करतात म्हणून ओळखले जातात. आपल्या जळगावच्या संशोधन केंद्रातून 1970 च्या दशकाच्या अखेरीस आलेला जेएल-24, म्हणजे फुले प्रगती, उत्पादनाला नावाजला, पण शेंडेमरीला सहज बळी पडतो. म्हणूनच चाचण्यांमध्ये ‘बळी पडणारा’ तुलनेचा वाण म्हणून त्याला उभं करतात.

फुलकिड्यांबरोबर तुडतुडे येतात. पानांची टोकं व्ही आकारात पिवळी पडतात. मग मावा. ऊन तापलं की पानं पोखरणारी अळी, जी आधी पानाच्या पापुद्र्यात बोगदा करते आणि मोठी झाली की पानं एकमेकांना चिकटवून आत बसते. शेवटी तंबाखूची पाने खाणारी अळी, जिला आता गावात सगळे ‘स्पोडोप्टेरा’च म्हणतात. तिची मादी पानाखाली शेकड्याने अंडी घालते. पिलं घोळक्याने पानाचा हिरवा भाग खरवडतात आणि पान जाळीदार कागदासारखं होतं. या शेवटच्या दोन्ही अळ्या सोयाबीनवरही जगतात. आपल्या जिल्ह्यात पावसाळाभर सोयाबीन आणि उन्हाळ्यात कालव्याखाली फल्ली, म्हणजे या किडींना बारमाही जेवण. यवतमाळात चाचणी घेताना हा शेजार विसरू नकोस. जुनागढच्या किंवा पटानचेरूच्या संशोधन केंद्रात चांगला ठरलेला वाण इथे तसाच वागेल असं गृहीत धरता येत नाही, ते यामुळेच.

या कामाला मोठी परंपरा आहे. कॅन्सासचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 साली पुस्तक लिहून पिकाच्या प्रतिकाराचे तीन प्रकार मांडले, ते तू वर्गात शिकलीच असशील. किडीला झाड बसायला, खायला, अंडी घालायला आवडतच नाही, हा पहिला. किडीने खाल्लं, पण तिची वाढ खुंटली, वजन घटलं, कोष नीट झाला नाही, हा दुसरा. आणि किडीने खाऊनही झाड उत्पादन देतं, हा तिसरा. त्याला सहनशीलता म्हणतात. पहिला तपासायला वावरात मोजणी लागते. दुसऱ्यासाठी प्रयोगशाळेत पानं तोडून अळीला खाऊ घालायची, अळीचं वजन, कोषाचं वजन आणि लागलेले दिवस टिपायचे. तिसऱ्यासाठी मात्र तराजू लागतो, खळ्यातला. आणि तिथेच बहुतेक प्रबंध हात आखडता घेतात.

इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था तुला ठाऊक आहे. 1972 साली हैदराबादजवळ पटानचेरूला सुरू झाली. आपल्या उमरखेडहून नांदेडमार्गे हैदराबादला जाताना फार आडवाट नाही. तिथे जगभरातून आणलेल्या भुईमुगाचे पंधरा हजारांच्या आसपास नमुने जतन केले आहेत. त्यांतून निवडताना एनसी एसी 343 सारखे नमुने तुडतुड्यांना दाद देत नाहीत असं दिसलं. कारण भिंगाखाली सापडलं: पानाच्या शिरेवर आणि देठावर लांब, दाट लव. तुडतुड्याला तिथे धड बसता येत नाही. आयसीजीव्ही 86031 ही ओळ एकाहून अधिक किडींना तोंड देणारी म्हणून तिथेच नोंदवली गेली. आफ्रिकेत माव्यामुळे पसरणारा रोझेट हा रोग फल्लीचं वावर बसवतो. त्या माव्याला प्रतिकार करणारा ईसी 36892 हा नमुनाही सापडला. म्हणजे लव मोजणं, अळी तोलणं, मावा मोजणं या वरवर कंटाळवाण्या कामांतूनच पुढचे वाण निघाले.

एक प्रश्न तू विचारशीलच: पंधरा हजार नमुन्यांतून इतके थोडेच का सापडले? त्याचं उत्तर फल्लीच्या जन्मात आहे. आजचा भुईमूग दक्षिण अमेरिकेत दोन रानटी जातींच्या संकरातून जन्मला: अरॅकिस डुरानेन्सिस आणि अरॅकिस इपाएन्सिस. त्याला नऊ-दहा हजार वर्षं झाली असावीत असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसतं. संकर झाला, गुणसूत्रं दुप्पट झाली आणि हे नवं झाड आपल्या रानटी भाऊबंदांपासून तुटलं. सगळी फल्ली अशा अरुंद मुळावर उभी आहे. किडीरोगांशी झगडण्याचे गुण मागे राहिले ते बोलिव्हिया, ब्राझीलच्या रानांत. ते परत आणणं किचकट, कारण गुणसूत्रांची संख्या जुळत नाही आणि संकर वांझ निघतो. तरीही काही संशोधकांनी ते जमवलं. अरॅकिस कार्डेनासी या रानटी जातीचे गुण अमेरिकेतून पटानचेरूला, तिथून धारवाडला गेले आणि जीपीबीडी-4 हा तांबेरा आणि टिक्क्याला टिकणारा वाण आला. तो रोगांसाठी ओळखला जातो. पण किडींसाठीही रानटी जातींकडेच पाहावं लागणार, हे त्यावरून कळतं.

आता तुझ्या वावराकडे. चाचणी आरबीडी (यादृच्छिक गट) रचनेत, तीन पुनरावृत्त्यांत असेल. ते तुझे मार्गदर्शक पाहतील. मी मोजणी करणाऱ्याच्या बाजूने चार गोष्टी सांगतो.

पहिली: कीड आली पाहिजे. ज्या वर्षी फुलकिडे आलेच नाहीत, त्या वर्षी सगळेच वाण प्रतिकारक दिसतात. तसा निकाल लिहिणं म्हणजे परीक्षेला न बसलेल्या पोराला पास करणं. म्हणून दर काही ओळींनंतर बळी पडणाऱ्या वाणाची एक ओळ पेर, कडेलाही पेर. त्या ओळींवर कीड भरपूर दिसली तरच बाकीच्यांचा कमी आकडा खरा. एका हंगामावर निष्कर्ष काढू नकोस. निदान दोन हंगामांची मोजणी घे.

दुसरी: सकाळी लवकर जा. फुलकिडे ऊन चढलं की दडतात, उडतात. प्रत्येक वाफ्यातली झाडं आधीच चिठ्ठी टाकून ठरव, म्हणजे डोळा आपोआप खराब झाडांकडे वळणार नाही. शेंड्याची घडी पान हळूच उलगड, कागदावर झटक, मोज. दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी.

तिसरी: शेजाऱ्याचा फवारा. तुझ्या वाफ्याला लागून कुणाची भाजी असेल, वारा तिकडून इकडे असेल, तर तुझ्या आकड्यात शेजाऱ्याचं औषध मिसळेल. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर हे कमी. पण पुढे कास्तकाराच्या वावरात चाचणी घेशील तेव्हा आधी धुऱ्यापलीकडच्या माणसाशी बोल. आणि रानडुकरांसाठी रात्री राखण लाव. पेरलेला दाणा उकरून खाणाऱ्या डुकराला तुझी आरबीडी रचना कळत नाही.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि हे पत्र मी तिच्यासाठीच लिहायला घेतलं. प्रत्येक वाण दोनदा लाव: एकदा फवारणी करून, एकदा अजिबात न करता. आणि दोन्हींच्या शेंगा तोल. समज, पहिल्या वाणाला फवारणी करून हेक्टरी 24 क्विंटल आले आणि फवारणीविना 15. दुसऱ्याला फवारणी करून 20 आले, फवारणीविना 18. पहिला वाण तक्त्यात वरचा दिसतो, कारण 24 हा मोठा आकडा आहे. पण त्याने फवारणीविना 37 टक्क्यांहून अधिक घालवले. दुसऱ्याने फक्त 10. ज्याच्याकडे औषधाला पैसे नाहीत, किंवा ज्याला पंप पाठीवर घ्यायची भीती वाटते, त्याच्यासाठी दुसराच वाण पहिला आहे. हा तक्ता फार थोड्या प्रबंधांत नीट मांडलेला दिसतो.

भीती म्हणालो, कारण आपला जिल्हा ती विसरू शकत नाही. 2017 च्या खरिपात, जुलै ते ऑक्टोबरदरम्यान, यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याएवढी उंच वाढली होती, गुलाबी बोंडअळी बीटी वाणांनाही जुमानत नव्हती, आणि लोक दोन-तीन औषधं एकत्र करून मारत होते. गेलेल्यांमध्ये स्वतःचं वावर नसलेले, रोजाने पंप मारणारे मजूरही होते. ती पऱ्हाटीची गोष्ट होती, फल्लीची नाही. पण पंप तोच, औषधाची दुकानं तीच आणि मारणारी माणसंही तीच. वाणाने दोन फवारण्या वाचवल्या, तर मजुराच्या अंगावर पडणारं विष दोनदा वाचलं. तुझ्या वहीतला आकडा इथे पोचतो.

बोंडअळीचा दुसरा धडाही घे. एक-दोन जनुकांवर उभा असलेला प्रतिकार कीड काही वर्षांत ओलांडते. फल्लीतला किडींचा प्रतिकार बहुधा अनेक छोट्या गुणांचा मिळून होतो: थोडी लव, पानातली थोडी वेगळी द्रव्यं, थोडी झाडाची ठेवण, थोडी लवकर पक्वता. तो पूर्ण नसतो. पण टिकाऊ असतो. शिवाय अर्धवट प्रतिकार असलेल्या वाणावर अळी हळू वाढते आणि तोवर परोपजीवी कीटक, कोळी, पक्षी तिला गाठतात. इक्रिसॅटमधले जॉन वाइटमन आणि जी. व्ही. रंगा राव यांनी भुईमुगाच्या किडींवर वर्षानुवर्षं काम केलं; मित्रकीटक राखणं आणि गरजेपुरतीच फवारणी करणं यावर त्यांचा भर होता. म्हणून ‘मध्यम प्रतिकारक’ असा शेरा लिहिताना हात आखडू नकोस. आपल्या वावराला तोच वाण लागतो. त्याच्यासोबत बांधाला एरंडी, मधल्या ओळीत ज्वारी-बाजरी, वेळेवर पेरणी आणि दाट रोपसंख्या असली की बरंच काम होतं.

एक सावधगिरीही सांगतो. किडींना टिकणारे मूळ नमुने बरेचदा लांब मुदतीचे असतात, टरफल जाड, दाणा डोळ्यात न भरणारा. आपल्याकडे कालव्याची शेवटची पाळी संपायच्या आत पीक तयार व्हावं लागतं आणि मृगाच्या आधी फल्ली उपटून व्हावी लागते. काढणीला उशीर झाला, पाऊस पडला, की उपट्या फल्लीला जमिनीतच कोंब येतात. ताज्या बियाण्यात सुप्तावस्था नसते. म्हणून किडीच्या आकड्यांसोबत पक्वतेचे दिवस, दाण्याचं प्रमाण आणि उपटताना किती शेंगा जमिनीत तुटून राहतात, हेही लिही. तोडणीला येणाऱ्या बायांना विचार. कुठल्या वाणाची शेंग सहज तुटते हे त्या तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा आधी सांगतील. त्यांचं म्हणणं प्रबंधात आलं, तर प्रबंध जास्त खरा होईल.

आणि फवारलेल्या वाफ्यांवर औषध मारायला जो माणूस येईल, त्याच्यासाठी हातमोजे, तोंडाला मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि साबण-पाणी तू स्वतः पाहा. वारा पडलेला असताना सकाळी मारायला सांग. ज्या प्रबंधाचा हेतूच फवारणी कमी करणं आहे, त्याच्यासाठी कुणाला विषबाधा व्हायला नको.

शेवटी एक मागणं. प्रबंधाची जाड प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाईल. तिथे ती राहू दे. पण पेरणीच्या आधी, डिसेंबरातच, दोन पानी मराठी टिपण काढ आणि यवतमाळच्या विभागीय कृषी संशोधन केंद्राला, कृषी विज्ञान केंद्रांना आणि उमरखेड, महागाव, पुसद, दिग्रस या तालुक्यांतल्या कृषी सहायकांना दे. त्यात तीनच गोष्टी असू देत: फवारणीविना कुठल्या वाणाने किती शेंगा दिल्या, कुठला वाण हमखास बळी पडला, आणि कुठल्या वाणाला किती फवारण्या पुरल्या. वाईट ठरलेल्या वाणांची नावं गाळू नकोस; कास्तकाराला ‘हे पेरू नका’ हेही तितकंच हवं असतं. या टिपणात टॅग-24 ची ओळ पहिली ठेव, कारण इथला प्रत्येक जण तुझा नवा वाण त्याच्याशीच ताडून पाहणार आहे.

तुझा,
मामा